‘आणखी काय करायचे?’ : खुब्याच्या दुर्बीण-शस्त्रक्रियेतील एका प्रश्नाचा इतिहास

मानवी शरीरातील मोठ्या सांध्यांमध्ये खुब्याचा सांधा सर्वांत खोल दडलेला आहे. शालेय पुस्तकांत त्याला ‘उखळीचा सांधा’ म्हणतात आणि ते नाव यथार्थ आहे. मांडीच्या हाडाचा चेंडूसारखा माथा कटीच्या हाडातील उखळीत घट्ट बसलेला असतो. उखळीच्या काठाभोवती लॅब्रम नावाची चिवट तंतुमय कड असते, तिच्याबाहेर जाड आवरण, बळकट अस्थिबंध आणि त्यांवर स्नायूंचे थरावर थर. गुडघ्यात दुर्बीण घालणे जितके सोपे, तितकेच खुब्यात घालणे अवघड.

परंतु दुर्बीण आत कशी न्यायची, हा या शस्त्रक्रियेतील सर्वांत कठीण प्रश्न ठरला नाही. अधिक कठीण प्रश्न दुर्बीण आत गेल्यानंतर सुरू झाला. फाटलेल्या लॅब्रमसाठी शस्त्रक्रिया हाती घ्यावी, तर आत सोललेली कूर्चा दिसते, हाडाचा नको तिथे आलेला उंचवटा दिसतो, ताणलेला स्नायुबंध दिसतो, सैल पडलेले आवरण दिसते. यांपैकी कशाला हात लावायचा आणि काय तसेच ठेवायचे? मूळ कामाला कोणत्या कामाची जोड द्यायची? रुग्ण बहुधा तरुण असतो. सांध्याने पुढील अनेक दशके साथ द्यावी, ही त्याची अपेक्षा असते. जोडकाम राहून गेले तर वेदना परत येतात. अनावश्यक जोडकाम केले तर धड असलेला सांधा अस्थिर होऊ शकतो. सुमारे ९० वर्षांत या प्रश्नाचे उत्तर अनेकदा बदलले, आणि बहुतेक वेळा ते बदलण्यास आधीच्या उत्तराचे अपयश कारण ठरले.

बंद दाराची चार दशके

१९३१ मध्ये न्यूयॉर्कचे मायकेल बर्मन यांनी मृतदेहांच्या सांध्यांत दुर्बीण घालून केलेल्या अभ्यासाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात २० खुबे होते. मांडीच्या हाडाची मान आणि माथ्याचा काही भाग त्यांना पाहता आला. मात्र माथा आणि उखळी यांच्यामधल्या फटीत सुई सरकवणे अशक्य असल्याचा निर्वाळा त्यांनी दिला. पायाला ताण न देता पाहिले, तर तो खराच होता. १९३९ मध्ये जपानचे केंजी ताकागी यांनी जिवंत रुग्णांच्या चार खुब्यांची तपासणी नोंदवली. दोन खुबे मज्जातंतूंच्या विकाराने झिजलेले होते, एक क्षयग्रस्त होता आणि एकात पू झाला होता. दुर्बिणीचे काम त्या काळी केवळ पाहण्याचे होते, म्हणून ‘आणखी काय करायचे’ हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

त्यानंतर हे क्षेत्र दीर्घकाळ जवळजवळ निद्रिस्त राहिले. १९७७ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड ग्रॉस यांनी लहान मुलांच्या ३२ खुब्यांतील अनुभव मांडला. १९८०च्या दशकात जेम्स ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाला कुशीवर झोपवून, पायाला यंत्राने ताण देऊन सांधा उघडण्याची पद्धत रूढ केली. पुढे थॉमस बर्ड यांनी रुग्णाला उताणे ठेवून करायची पद्धत लोकप्रिय केली. ताण दिल्यावर माथा उखळीपासून साधारण ८ ते १० मिलिमीटर दूर होतो आणि तेवढ्या फटीतून उपकरणे आत जातात.

या फटीने घातलेली अट आजही कायम आहे. फार वेळ ताण दिला तर जांघेतील आणि पायातील मज्जातंतू दबतात व बधिरपणा येतो. तो बहुधा तात्पुरता असला, तरी ताणाचा एकूण काळ दोन तासांच्या आत ठेवण्याचा दंडक पडला. परिणामी उखळीच्या आतल्या प्रत्येक जादा कामाचा हिशेब मिनिटांत मांडावा लागतो. मानेवरचा उंचवटा तासण्यासारखी कामे ताण सोडून, खुबा वाकवून करता येतात. उखळीतील कामे मात्र त्या मोजक्या वेळातच उरकावी लागतात.

कापणे सोपे, कारण शोधणे कठीण

आरंभीच्या काळात कामांची यादी छोटी होती. सांध्यात सुटे झालेले हाडाचे वा कूर्चेचे तुकडे काढणे, सांधा धुणे, सुजलेले अस्तर काढणे आणि लॅब्रम फाटलेले दिसले तर फाटका भाग कापून टाकणे. गुडघ्यातील फाटलेल्या गादीचा तुकडा जसा काढत, तशीच ही रीत होती. लॅब्रम का फाटले, हा प्रश्न क्वचितच विचारला जाई.

तो प्रश्न स्वित्झर्लंडमधील बर्न शहरात ठामपणे उभा राहिला, आणि तोही दुर्बिणीतून नव्हे, तर उघड्या शस्त्रक्रियेतून. मांडीच्या हाडाच्या माथ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीचा मार्ग बारकाईने अभ्यासून राइनहोल्ड गान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माथा उखळीतून सुरक्षितपणे पूर्ण बाहेर काढण्याची पद्धत विकसित केली. २००१ मध्ये त्यांनी अशा २१३ खुब्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांत रक्तपुरवठा तुटून माथा मृत झाल्याचे एकही उदाहरण नव्हते. आता संपूर्ण सांधा डोळ्यांसमोर होता. खुबा वाकवला की कोणते हाड कुठे आपटते, हे प्रत्यक्ष पाहता येऊ लागले.

२००३ मध्ये याच गटाने मांडलेला विचार पुढे सर्वतोमुखी झाला. मांडीच्या हाडाचा माथा आणि मान यांच्या संधीवर उंचवटा असेल, तर खुबा वाकवताना तो उखळीत घुसतो आणि कूर्चा सोलतो. यंत्रातील लंबगोल चाकतीवरून या प्रकाराला ‘कॅम’ नाव मिळाले. उखळीचा काठच प्रमाणाबाहेर पुढे आलेला असेल, तर लॅब्रम दोन हाडांच्या चिमट्यात सापडते. तो ‘पिन्सर’ प्रकार. हाडांच्या टकरीची कल्पना अगदीच नवी नव्हती. १९३६ मध्ये स्मिथ-पीटर्सन यांनी उखळीचा काठ तासण्याची शस्त्रक्रिया वर्णिली होती. पण तरुणपणीची ही टक्कर आणि उतारवयातील सांध्याची झीज यांच्यातला दुवा आता स्पष्टपणे जोडला गेला.

या विचाराने शस्त्रक्रियेचा रोख बदलला. लॅब्रमची चीर हा परिणाम असून कारण हाडात आहे, हे मान्य केल्यावर नुसते लॅब्रम कापून थांबणे म्हणजे छत गळत असताना फरशी पुसत बसणे. २००७ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी, पहिल्या दुर्बीण-शस्त्रक्रियेनंतरही वेदना न थांबल्याने पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागलेल्या रुग्णांचा अभ्यास मांडला. दोन्हींत एकच गोष्ट पुढे आली : बहुसंख्य खुब्यांत हाडांची टक्कर पहिल्या वेळी हाताळलीच गेली नव्हती किंवा अपुरी हाताळली गेली होती. एका जोडकामाची गरज अशा रीतीने अपयशातून सिद्ध झाली.

तरीही हाड तासण्याला मर्यादा होती. मृतदेहांच्या हाडांवर केलेल्या प्रयोगांतून २००५ मध्ये दिसले, की माथा-मानेच्या पुढच्या-बाहेरच्या चतुर्थांशातील सुमारे ३० टक्क्यांपर्यंतचा भाग काढला, तर हाडाची ताकद टिकते. त्यापलीकडे मान मोडण्याचा धोका वाढतो. कमी तासले तर वेदना उरते आणि जास्त तासले तर हाड मोडते.

कापावे की शिवावे?

दरम्यान लॅब्रमविषयीची दृष्टीही बदलत होती. ती निव्वळ कड नसून सांध्यातील द्रव आत अडवून ठेवणारी सील आहे, हे बर्नमधील जैवयांत्रिक अभ्यासांनी दाखवले. सील तुटली की कूर्चेवरचा दाब वाढतो. २००६ मध्ये त्याच गटाने ५२ रुग्णांच्या ६० खुब्यांची तुलना प्रसिद्ध केली. या उघड्या शस्त्रक्रिया होत्या. २५ खुब्यांत फाटके लॅब्रम कापून टाकले होते, ३५ खुब्यांत ते पुन्हा हाडाला जोडले होते. दोन वर्षांनी पहिल्या गटात २८ टक्के, तर दुसऱ्या गटात ८० टक्के खुब्यांचा निकाल ‘उत्कृष्ट’ ठरला. अभ्यास लहान होता आणि रुग्णांची विभागणी चिठ्ठी पद्धतीने झालेली नव्हती. तरी आकड्यांतील तफावत दुर्लक्षिण्याजोगी नव्हती. २०१३ मध्ये ३६ स्त्री-रुग्णांवरील यादृच्छिक चाचणीनेही टाके घालून जोडण्याच्या बाजूने कौल दिला.

लॅब्रम इतके झिजलेले असेल की टाका धरणारच नाही, तेव्हा काय? त्यासाठी रुग्णाच्याच मांडीच्या बाहेरील पट्ट्यातून घेतलेल्या तंतूंनी नवी कड घडवण्याचे तंत्र मार्क फिलिपॉन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडले. त्याबरोबर एक इशाराही रूढ झाला. क्ष-किरण चित्रात माथा आणि उखळी यांमधील अंतर २ मिलिमीटर वा त्याहून कमी उरले असेल, तर सांधा आधीच फार झिजलेला असतो. अशा वेळी आतल्या कितीही दुरुस्त्यांनी कृत्रिम सांध्याची वेळ सहसा टळत नाही.

उघडलेले आवरण आणि उथळ उखळी

पुढचा धडा अधिक कठोर होता. दुर्बीण मोकळेपणी फिरावी म्हणून सांध्याच्या आवरणाला छेद द्यावा लागतो. या छेदात आवरणाच्या पुढच्या बाजूचा एक प्रबळ अस्थिबंध येतो. उलट्या ‘वाय’ अक्षराच्या आकाराच्या या बंधाचे महत्त्व बॉस्टनचे हेन्री जेकब बिगेलो यांनी १८६९ मध्येच विशद केले होते. मनुष्य उभा असताना माथा पुढे निसटू न देणे, हे त्याचे काम. सुरुवातीला हा छेद तसाच उघडा ठेवण्याची प्रथा होती. आवरण आपोआप भरून येईल, असा विश्वास होता.

२००९च्या सुमारास शस्त्रक्रियेनंतर खुबा निखळल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवल्या जाऊ लागल्या. संख्येने त्या मोजक्याच होत्या, पण वेदना कमी करण्यासाठी केलेल्या उपचारानंतर सांधाच निखळावा, ही घटना गंभीर होती. छेद शेवटी शिवून घ्यावा का, हा वाद तेव्हापासून तापला. पुराव्याने दोन्ही बाजूंना काही ना काही दिले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५० रुग्णांच्या यादृच्छिक तुलनेत आवरण शिवलेल्या गटाचे निकाल सरस ठरले. दुसरीकडे, दोन्ही खुब्यांवर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत एका बाजूचे आवरण शिवून आणि दुसऱ्या बाजूचे न शिवता केलेल्या एका लहान अभ्यासात, सुमारे सहा महिन्यांनी एमआरआयवर दोन्ही बाजूंत लक्षणीय फरक दिसला नाही. तात्पर्य असे, की आवरण अनेकांत भरून येते. पण ज्याचे सांधे मुळातच लवचिक आहेत किंवा ज्याची उखळी उथळ आहे, त्याच्या बाबतीत हा भरवसा ठेवणे जोखमीचे.

उथळ उखळीच्या प्रश्नाने तर जोडकामाची व्याख्याच रुंदावली. माथ्यावर उखळीचे छत किती आले आहे, हे मोजणारा कोन स्वीडनचे गुनार विबर्ग यांनी १९३९ मध्ये सांगितला. हा कोन २५ अंशांहून अधिक असेल तर सामान्य, २० अंशांहून कमी असेल तर उखळी उथळ, आणि मधली पट्टी सीमारेषेवरची, असे ढोबळ मान आहे. उथळ उखळीत लॅब्रमवर सतत भार पडतो. ते जाड होते आणि अखेर फाटते. एमआरआयमध्ये चीर ठळक दिसते, पण दोष छताचा असतो.

जावाद परविझी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अशा ३६ खुब्यांचा मागोवा प्रसिद्ध केला. उखळी उथळ असताना केवळ दुर्बिणीने लॅब्रमवर उपचार झालेले हे खुबे होते. त्यांपैकी २४ खुब्यांत वेदना थांबल्या नाहीत आणि १४ खुब्यांत झीज उलट वेगाने वाढली. या रुग्णांना हवे असलेले काम दुर्बिणीच्या आवाक्यातलेच नव्हते. उखळीभोवतीचे हाड कापून, ती फिरवून माथ्यावर छत आणण्याची शस्त्रक्रिया गान्झ यांनी बर्नमध्ये १९८४ पासून केली आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. या रुग्णांना बहुधा तिची गरज होती. सीमारेषेवरच्या खुब्यांत मात्र चित्र वेगळे निघाले. १८ ते २५ अंशांच्या कोनाच्या काही निवडक रुग्णांत लॅब्रम जोडून आणि आवरण आवळून शिवून चांगले निकाल मिळाल्याचे २०१३ मध्ये नोंदवले गेले. काही अंशांच्या फरकाने शस्त्रक्रियेची सगळी आखणी बदलते, ती अशी.

स्नायुबंधाची कथाही याच वळणाची आहे. मांडी पुढे उचलणाऱ्या स्नायूचा बंध उखळीच्या काठावरून सरकताना ‘टक्’ आवाज करून दुखत असेल, तर तो सैल करणे हे दुर्बिणीतून सहज होणारे जोडकाम. काही काळ ते सढळपणे केले गेले. पुढे लक्षात आले, की हाच बंध सांध्याला पुढून आधार देतो. २०१२ मध्ये न्यूयॉर्कमधील अभ्यासकांनी दाखवले, की मांडीच्या हाडाची पुढच्या दिशेची पीळ २५ अंशांहून अधिक असलेल्या रुग्णांत बंध सैल केल्यानंतरचे निकाल तुलनेने कमी समाधानकारक असतात. तांत्रिकदृष्ट्या सोपे असलेले काम रुग्णाच्या गरजेचे असेलच, असे नाही.

दिसते ते सारे दुखत नाही

या प्रवासाला समांतर एक प्रतिप्रवाह वाढत होता. एमआरआय जितके सूक्ष्म झाले, तितके दोष अधिक दिसू लागले. २०१२ मध्ये खुब्याची कोणतीही तक्रार नसलेल्या ४५ स्वयंसेवकांची एमआरआय तपासणी झाली. त्यांतील ६९ टक्के खुब्यांत लॅब्रमची चीर आढळली. २०१५ मधील एका व्यापक आढाव्यात, लक्षणे नसलेल्या व्यक्तींच्या सुमारे ३७ टक्के खुब्यांत कॅम प्रकारचा उंचवटा दिसला. खेळाडूंत हे प्रमाण त्याहून अधिक होते. दिसलेला प्रत्येक दोष दुरुस्त करायचा ठरवला, तर निरोगी माणसांची रांग शस्त्रक्रियागृहाबाहेर लागेल.

म्हणून २०१६ मध्ये इंग्लंडमधील वॉरिक येथे तज्ज्ञांनी एकमताने ठरवले, की केवळ हाडाचा आकार म्हणजे आजार नव्हे. रुग्णाची लक्षणे, प्रत्यक्ष तपासणीतील खुणा आणि प्रतिमा या तिन्ही गोष्टी जुळल्या, तरच टकरीच्या विकाराचे निदान करावे.

मोठ्या चाचण्याही आल्या. २०१८ मध्ये ब्रिटनमधील २३ रुग्णालयांतील ३४८ रुग्णांच्या चाचणीत, १२ महिन्यांनंतर १०० पैकी सरासरी गुण शस्त्रक्रियेच्या गटात ५८.८ आणि व्यक्तिगत व्यायामोपचाराच्या गटात ४९.७ होते. शस्त्रक्रिया सरस ठरली, पण व्यायामोपचारानेही सुधारणा झाली. जोडकामाच्या प्रश्नाला सर्वांत थेट भिडली ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली कॅनडा, फिनलंड आणि डेन्मार्कमधील २२० रुग्णांची चाचणी. एका गटात हाड तासले गेले. दुसऱ्या गटात सांधा केवळ धुतला गेला. लॅब्रम जोडण्याची मुभा दोन्हीकडे होती. १२ महिन्यांनंतर वेदनेत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. परंतु दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण हाड तासलेल्या गटात स्पष्टपणे कमी होते. एकाच चाचणीत दोन्ही पक्षांना आपापला पुरावा सापडला. ‘फायदा’ म्हणजे वर्षभरानंतरची वेदना की पुढील वर्षांतील टिकाऊपणा, हे आधी ठरवल्याशिवाय जोडकामाचा निवाडा होत नाही.

भारतीय वाचकासाठी

भारतात या निर्णयाला आणखी एक पायरी आहे. जांघेतील प्रत्येक दुखणे लॅब्रमचे नसते. ताकागींच्या चार खुब्यांतील क्षय हा भारतातील अस्थितज्ज्ञांना आजही विसरता येत नाही. रक्तपुरवठा तुटून माथा मृत होण्याचा विकारही येथे परिचित आहे. २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी कोविडच्या उपचारांत स्टेरॉइड घेतलेल्या तीन रुग्णांत हा विकार नोंदवला. कोविडचे निदान झाल्यापासून सरासरी ५८ दिवसांत त्यांना लक्षणे जाणवू लागली होती. अशा रुग्णाच्या एमआरआयमध्ये लॅब्रमची चीरही दिसू शकते. ती शिवून मृत होत चाललेला माथा वाचत नाही. शिवाय जमिनीवर मांडी घालून वा उकिडवे बसणे हा येथील दैनंदिन जीवनाचा भाग आहे. आपल्याला कोणत्या हालचाली परत हव्या आहेत, हे रुग्णाने आणि डॉक्टरांनी आधीच बोलून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

निर्णयाची जागा बदलली

या इतिहासाकडे एकत्र पाहिले, तर मोठा बदल निर्णयाच्या जागेत झालेला दिसतो. पूर्वी तो दुर्बीण आत गेल्यावर, समोर दिसेल त्यानुसार घेतला जाई. आज त्याचा बराच भाग शस्त्रक्रियेपूर्वीच ठरतो. विबर्गचा कोन, मांडीच्या हाडाची पीळ, सांध्यातील अंतर, सांध्यांची लवचिकता आणि तात्पुरत्या बधिरीकरणाच्या सुईने वेदना थांबते की नाही, ही सारी माहिती आधी हाती येते. टेबलावर ठरवायचे उरते ते थोडे : लॅब्रम टाका धरेल का, कूर्चा किती सोलली आहे, हाड पुरेसे तासले गेले का, आवरण शिवताना किती आवळायचे.

प्रत्येक जोडकामापुढे चार प्रश्न उभे राहतात. हा दोष या रुग्णाच्या वेदनेशी जुळतो का? त्याचे मूळ इथेच आहे की अन्यत्र? तो तसाच ठेवला तर पुढे काय होईल? आणि तो दुरुस्त करण्याची किंमत ताणाच्या मिनिटांत, हाडाच्या ताकदीत वा सांध्याच्या स्थैर्यात किती मोजावी लागेल? लॅब्रम सर्रास कापण्याच्या काळात दुसरा प्रश्न विचारला गेला नव्हता. स्नायुबंध सढळपणे सैल करण्याच्या काळात चौथा राहून गेला.

शस्त्रक्रियेच्या टिपणात केलेल्या कामांची यादी असते. विचारपूर्वक न केलेल्या कामांना त्यात रकाना नसतो. तरुण सांध्याची पुढली तीस-चाळीस वर्षे मात्र दोन्हींवर सारखीच अवलंबून असतात.